हुरहुरीला पत्ता हवा

‘माझ्या लाडक्या बुएनोस आइरेस’ हे टँगोचं गाणं अर्जेंटिनाच्या राजधानीत, बुएनोस आइरेसमध्ये, जन्मलेलं नाही. 1934 साली न्यूयॉर्कमध्ये, पॅरामाउंट कंपनीच्या अ‍ॅस्टोरियातल्या स्टुडिओत ते एका चित्रपटासाठी तयार झालं. गायक कार्लोस गार्देल, जन्म फ्रान्समधल्या तुलूझचा. उरुग्वेतले लोक हे मान्य करत नाहीत, ते त्याला आपलाच समजतात. शब्द आल्फ्रेदो ले पेराचे, जन्म ब्राझीलमधल्या साओ पावलोचा. दोघांनाही वाढवलं त्या एका शहराने, आणि गाणं करताना दोघंही त्या शहरापासून हजारो मैल दूर होते. पुढच्या वर्षी याच जोडीने न्यूयॉर्कमध्येच ‘वोल्वेर’ केलं. वोल्वेर म्हणजे परतणं. वीस वर्षं म्हणजे काहीच नाहीत, असं त्या गाण्यातला माणूस स्वतःची समजूत घालत म्हणतो. 24 जून 1935 रोजी कोलंबियातल्या मेदेयीनच्या विमानतळावर झालेल्या अपघातात दोघंही गेले. गार्देल परतला तो फेब्रुवारी 1936 मध्ये, शवपेटीतून. चाकारिताच्या दफनभूमीपर्यंत त्याच्यासोबत चालायला लोक रस्त्यात मावत नव्हते.

पुण्यात गेली बारा-तेरा वर्षं मी टँगो ऐकतो, नाचतो आणि अडखळत का होईना, त्यातलं स्पॅनिश वाचतो. एवढ्या काळात टँगोबद्दल एकच वाक्य सगळ्यात जास्त वेळा कानावर आलं: हे गेलेल्या दिवसांचं संगीत आहे. नाकं मुरडणारेही हेच म्हणतात आणि जीव टाकणारेही हेच म्हणतात. मराठीत आपण नॉस्टॅल्जियाला स्मरणरंजन म्हणतो. त्या शब्दात रंजन आहे, आठवणींनी मन रिझवणं आहे. टँगोला तो शब्द बसत नाही. हुरहूर बसतो, कारण हुरहुरीत करमत नाही.

माझं म्हणणं असं आहे की हुरहूर वाईट नसते, पण खोटी असू शकते. तिला साल असेल, गल्ली असेल, काय गेलं आणि कशामुळे गेलं हे तिला सांगता येत असेल, तर ती खरी. हे सगळं गळून नुसता सुस्कारा उरला, की तो विकायला मांडता येतो. आज जगभर वारसा म्हणून जो टँगो जपला जातो त्यात हे गळणं फार झालं आहे, आणि त्याला आपल्यासारखे नाचणारेही जबाबदार आहेत.

आधी पत्ता पाहू. 1869 च्या जनगणनेत अर्जेंटिनाची लोकसंख्या वीस लाखांनाही पोचली नव्हती. 1914 मध्ये ती सुमारे 79 लाख झाली आणि त्यातले जवळपास तीस टक्के लोक परदेशात जन्मलेले होते. राजधानीत तर दर दोन माणसांतला एक बाहेरचा. इटलीचे सर्वांत जास्त, मग स्पेनचे, शिवाय पूर्व युरोपातले ज्यू, सिरिया-लेबनॉनकडचे लोक. 1871 मध्ये पीतज्वराची साथ आली तेव्हा राजधानीच्या सान तेल्मो या वस्तीतली श्रीमंत घराणी उत्तरेकडे निघून गेली आणि त्यांच्या वाड्यांच्या खोल्या-खोल्यांतून बिऱ्हाडं भरली. मध्ये चौक, चौकाभोवती खोल्या, एका खोलीत अख्खं कुटुंब, पाणी आणि संडास सामाईक. तिथे या घरांना कोन्वेन्तिजो म्हणतात. मराठी वाचकाला वर्णन वाचतानाच चाळ दिसेल. 1907 साली भाडेवाढीविरुद्ध या घरांतल्या हजारो भाडेकरूंनी संप केला. बायका आणि पोरं हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरली, घरमालकांना झाडून काढायला. टँगो या चौकांत, या गल्ल्यांत आणि जवळच्या कुंटणखान्यांत वाढला. बांदोनेओन हे त्याचं अकॉर्डियनसारखं वाद्यसुद्धा जर्मनीहून स्थलांतरितांबरोबर आलेलं.

आता एक गोष्ट मला अनेक वर्षं कोड्यात टाकत होती. इतकी माणसं समुद्र ओलांडून आली, तर टँगोत नापोली, जेनोआ, गालिसिया यांची आठवण सतत का येत नाही? येते, पण क्वचित. 1929 च्या ‘ला व्हियोलेता’ या टँगोत दोमिंगो पोलेंता नावाचा इटालियन मळकट टेबलावर कोपर टेकून बसलाय, आपल्या देशांतराचा विचार करतोय आणि घोगऱ्या आवाजात जुनं गाणं गातोय. शब्द निकोलास ओलिवारीचे. पण अशी गाणी मोजकीच. बाकी सगळी ओढ आहे ती मोहल्ल्याची, आईची, सोडून गेलेल्या बाईची. मला वाटतं, बापाने जे दुःख घरात बोलून दाखवलं नाही ते पोराने दुसऱ्या नावाने गायलं. बापाचं गाव पोराने कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्याजवळ हरवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बुएनोस आइरेसमधल्या बोएदोचा कोपरा. देशाएवढं दुःख गल्लीएवढ्या जागेत कोंबलं गेलं, म्हणून ती गाणी इतकी दाटलेली वाटतात.

गाण्याचा टँगो सुरू झाला तो 1917 मध्ये, गार्देलने ‘मी नोचे त्रिस्ते’ गायलं तेव्हापासून. त्याआधी टँगोला शब्द असत, पण ते बहुधा थिल्लर, चावट. सामुएल कास्त्रिओताच्या चालीवर पास्क्वाल कोन्तुर्सीने शब्द बसवले आणि पहिल्यांदा एक माणूस आपल्या खोलीत एकटा दिसला. ती निघून गेली आहे. गिटार कपाटात टांगलेली आहे, तिला कुणी हात लावत नाही. दिव्यालाही तिचं नसणं जाणवतंय. आणि तो अजूनही माते या पेयाबरोबर खायला बिस्किटं घेऊन येतो, जणू ती घरात आहे. एकाच्या ऐवजी दोघांची बिस्किटं घेणारा माणूस मला कुठल्याही मोठ्या उद्गारापेक्षा खरा वाटतो. त्याला काय हरवलं आहे ते तंतोतंत ठाऊक आहे.

आणि नऊच वर्षांनी, 1926 मध्ये, ‘तिएम्पोस व्हिएहोस’ आलं. चाल फ्रान्सिस्को कानारोची, शब्द मानुएल रोमेरोचे. नावाचा अर्थच ‘जुने दिवस’. आठवतंय का रे भावा, काय दिवस होते ते! तेव्हाचे पुरुष खरे पुरुष होते, ती पंचवीस वर्षं परत येणार नाहीत. गाण्यातली सोनेरी केसांची मिरेया तेव्हा सगळ्यांना वेड लावायची, आता चिंध्या पांघरून भीक मागते, आणि तिला पाहून गाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. चाल अप्रतिम आहे, मी त्यावर आनंदाने नाचतो. पण ही हुरहूर मला पटत नाही. मिरेयाला भीक मागायची वेळ कशामुळे आली हे गाणं विचारत नाही. तिचं म्हातारपण हे गाणाऱ्याच्या सरलेल्या तारुण्याचं घड्याळ, एवढाच तिचा उपयोग. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणारा आवाज जगात सगळीकडे सारखाच असतो, कारण त्याला कुठल्याही गल्लीचं नाव घ्यावं लागत नाही.

याच्या अगदी उलट गीतकार ओमेरो मान्सी. 1948 चं ‘सुर’, म्हणजे दक्षिण. चाल आनिबाल त्रोइलोची. सुरुवातच पत्त्याने होते: सान हुआन आणि बोएदो या दोन रस्त्यांचा जुना कोपरा, वर सगळं आकाश. पुढे पोम्पेया ही शहराच्या दक्षिणेची वस्ती, आणि त्यापलीकडे पूर. लोहाराचा कोपरा, चिखल, मग माळरान. मान्सीचा जन्म 1907 चा, लांबच्या सांतियागो देल एस्तेरो प्रांतातल्या आन्यातुयाचा. मुलगा असताना तो पोम्पेयातल्या एका निवासी शाळेत राहिला, आणि रियाचुएलो नदीकाठची ती सखल, पाण्याखाली जाणारी जमीन त्याच्या डोळ्यांत राहिली. हा माणूस नुसता हळवा नव्हता. 1930 च्या लष्करी उठावाला विरोध केल्याबद्दल त्याला विद्यापीठातून काढून टाकलं गेलं. 1935 मध्ये परकीय भांडवलाच्या पकडीविरुद्ध उभ्या राहिलेल्या फोर्हा या गटाच्या संस्थापकांत तो होता. ‘सुर’च्या शेवटाकडे तो दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवतो: बदलून गेलेल्या मोहल्ल्यांचं ओझं आणि मेलेल्या स्वप्नाचा कडवटपणा. पहिली गोष्ट शहराची, दुसरी त्या माणसाची. त्यातली प्रेयसी आणि वस्ती एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत. 1951 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने मान्सी गेला.

पण मान्सीच्या पत्त्यांच्या वहीतही काही पानं कोरी आहेत, आणि हे सांगितल्याशिवाय माझा युक्तिवाद प्रामाणिक राहणार नाही. टँगोची मुळं काळ्या लोकांच्या नाचांत आणि ढोलांत आहेत. तो शब्दही बहुधा तिकडूनच आलेला. अगदी सुरुवातीच्या छापील टँगोंपैकी एक, 1897 चा ‘एल एन्त्रेरियानो’, रोसेन्दो मेन्दिसाबाल या कृष्णवर्णीय अर्जेंटिनी पियानोवादकाचा आहे. तरीही टँगोच्या आठवणींत काळी माणसं आली ती बहुतेक सजावटीसारखी, जुन्या काळाचा रंग म्हणून. हुरहूर निवड करते. आपण कुणासाठी व्याकूळ होतो यात आपण कुणाला विसरलो हेही दिसतं.

बायकांच्या बाजूने तर हा प्रश्न अधिक टोकदार आहे. ‘आमाब्लेमेन्ते’ नावाचं एक गाणं आहे. त्यातला पुरुष घरी येतो, आपल्या बाईला दुसऱ्याबरोबर पाहतो, त्या माणसाला जाऊ देतो, मग तिच्याकडून माते करवून घेतो, तिच्या कपाळाचं चुंबन घेतो आणि शांतपणे तिला चौतीस वेळा भोसकतो. हे गाणं दिलखुलास हसून ऐकणारे लोक मी पाहिले आहेत. बुएनोस आइरेसमधल्या तरुण मुली आज नाचाच्या जागांवर या शब्दांबद्दल जाब विचारतात तेव्हा काही जुनी मंडळी दुखावतात, वारशावर हल्ला झाला म्हणतात. मी त्या मुलींच्या बाजूने आहे. गाणं पुसून टाकावं असं मला वाटत नाही. ते संग्रहात असावं, अभ्यासलं जावं. पण मी त्यावर नाचणार नाही.

अर्जेंटिनी लेखक बोर्हेसची तक्रार वेगळी होती. त्याला रडणारा टँगो आवडत नसे. जुना टँगो धीट होता, सुरे चालवणाऱ्या मर्दांचा होता, गार्देल-कोन्तुर्सीने त्याला रडवेला केला, असं त्याचं मत. बोर्हेस मला अतिशय प्रिय आहे, पण इथे तो चुकला असं मला ठामपणे वाटतं. आपण गजांच्या कुंपणामागे, अगणित इंग्रजी पुस्तकांच्या संग्रहात वाढलो, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. ते शूर सुरेबाज त्याने बहुतेक कुंपणाच्या आतून ऐकले. म्हणजे रडगाण्याला नावं ठेवणारी त्याची तक्रारसुद्धा हुरहूरच होती, आणि कोन्तुर्सीच्या बिस्किटांपेक्षा जास्त धूसर.

टँगोला केवळ मागे बघणारं संगीत म्हणणाऱ्यांनी दोन गाणी जरूर ऐकावीत. एन्रिके सान्तोस दिसेपोलोचं 1934 चं ‘काम्बालाचे’ म्हणतं, जग हा पूर्वीपासून उकिरडाच होता आणि पुढेही राहील, सन 506 मध्येही आणि 2000 मध्येही. जागतिक मंदी, लष्कराच्या आशीर्वादाने चाललेल्या बनावट निवडणुका, त्या काळात लिहिलेलं हे गाणं भूतकाळातही आसरा शोधत नाही. दुसरं, 1929 चं ‘से व्हा ला व्हिदा’: आयुष्य निघून जातं आणि परत येत नाही, म्हणून पोरी, समोर आलेलं सुख सोडू नकोस. हे शब्द मारिया लुईसा कार्नेलीचे. छापताना नाव मात्र पुरुषाचं घातलं होतं, लुईस मारिओ. भूतकाळ गोड मानायचं कारण ज्यांच्याजवळ कमी होतं, त्यांनी पुढे बघणारी गाणी लिहिली, यात मला नवल वाटत नाही.

मग आजची ही पत्ता नसलेली हुरहूर कुठून आली? सत्तेचा हात यात मोठा आहे. 1943 च्या उठावानंतर लष्करी सरकारने रेडिओवरून लुन्फार्दो, म्हणजे टँगोची ती चोरबाजारी, चाळकरी बोली, हद्दपार केली. गाण्यांचे शब्द बदलून घेतले, गल्लीतल्या माणसाच्या तोंडी शाळामास्तरांची भाषा घातली. 1949 मध्ये ही बंधनं सैल झाली. 1935 ते 1955 हा टँगोचा सुवर्णकाळ मानतात, आणि 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोनविरुद्ध उठाव झाला. कामगारवस्त्यांतल्या क्लबांमध्ये भरणारे मोठे नाच ओसरले, रॉक आलं, दहा-बारा वादकांचे ताफे पोसणं परवडेनासं झालं. त्यानंतरची हुकूमशाही, 1976 ते 1983, तर माणसंच गायब करत होती. मानवी हक्क संघटना हा आकडा 30,000 सांगतात.

इथे मी नेहमी अडतो. त्या वर्षांत बुएनोस आइरेसमधली सगळ्यात खोल हुरहूर कुठल्याही ताफ्यात वाजत नव्हती. 1977 पासून दर गुरुवारी ती प्लासा दे मायोच्या चौकात, डोक्याला पांढरे रुमाल बांधून गोल चालत होती. गायब केलेल्यांच्या त्या आयांच्या हातात मुलांचे फोटो होते, नावं होती, कुठल्या तारखेला कुठून उचललं ते होतं. टँगोने त्यांच्यासाठी पुरेसं गायलं नाही. हद्दपारीत पॅरिसला गेलेल्यांनी काही केलं: कुआर्तेतो सेद्रोनने कवी हुआन हेल्मानच्या कवितांना चाली दिल्या, आणि हेल्मानचा मुलगा व गर्भवती सून 1976 मध्ये गायब केले गेले होते. पण मायदेशातल्या नाचाच्या दालनांत 1940 सालच्याच प्रेयस्या निघून जात राहिल्या.

1983 मध्ये ‘तांगो आर्खेन्तिनो’ हा मोठा कार्यक्रम पॅरिसमध्ये रंगला, 1985 मध्ये ब्रॉडवेवर गेला, आणि टँगो पुन्हा जगभर पसरला. मी स्वतः त्याच लाटेमुळे कधीतरी पुण्यात त्याच्यापर्यंत पोचलो, तेव्हा कृतघ्न होणार नाही. 2009 मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या एकत्रित अर्जावरून टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हेही चांगलंच. पण यात काय जपलं गेलं ते पाहायचं असेल तर बुएनोस आइरेसमधल्या ला बोका वस्तीतली ‘कामिनितो’ ही गल्ली पाहावी. 1926 सालचं त्या नावाचं गाणं एका पायवाटेबद्दल आहे, जी काळाने पुसून टाकली. गीतकार गाबिनो कोरिया पेन्यालोसाच्या मनात होती ती ला रिओखा प्रांतातली, शेकडो मैलांवरची वाट. संगीतकार हुआन दे दिओस फिलिबेर्तो ला बोकाचा, त्याच्या मनात आपली गल्ली. पुढे बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या जागी चित्रकार बेनितो किन्केला मार्तिनने शेजाऱ्यांना घेऊन भिंती रंगवल्या आणि 1959 मध्ये तिथे उघड्यावरचं संग्रहालय झालं. किन्केलाचं काम प्रेमाचं होतं, तो त्याच वस्तीचा. आज मात्र तिथे पर्यटक रंगीत पत्र्यांपुढे टँगोच्या पवित्र्यात फोटो काढतात आणि दोन चौक पलीकडे जात नाहीत, कारण तिथे जाऊ नका असं त्यांना सांगितलेलं असतं. ज्या गरिबीतून ते गाणं निघालं ती अजून तिथेच आहे, आणि ती कुणाच्या फोटोत येत नाही.

यावर नाचणारे मित्र जे म्हणतात ते मी गांभीर्याने घेतो. ते म्हणतात, आम्ही जुनं वाजवतो कारण ते सर्वोत्तम आहे. खरं आहे. दारिएन्सो, दी सार्ली, त्रोइलो, पुग्लिएसे यांचे ताफे रोज रात्री जिवंत नाचणाऱ्यांसमोर वाजवत. पाऊल कुठे थांबेल, कुठे वळेल हे त्यांच्या हाडांत होतं. ती कारागिरी पुन्हा आलेली नाही. पण त्यांच्यातल्याच ओस्वाल्दो पुग्लिएसेचं उदाहरण घ्या. तो कम्युनिस्ट होता, त्याने ताफा सहकारी पद्धतीने चालवला, अनेकदा तुरुंगात गेला. तो आत असला की ताफा त्याच्याशिवाय वाजवायचा आणि पियानोवर एक लाल कार्नेशनचं फूल ठेवायचा. समोरच्या प्रत्येकाला कळायचं कोण नाही आणि का नाही. आपण त्याच तबकड्या लावतो, डोळे मिटून नाचतो, आणि आपल्या पियानोवर कुठलंच फूल नसतं.

संगीतकार आस्तोर पियासोलाला जुन्या मंडळींनी हा टँगोच नव्हे म्हणून हिणवलं. 1959 मध्ये दौऱ्यावर असताना वडील गेल्याची बातमी त्याला मिळाली आणि न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने ‘आदिओस नोनिनो’ रचलं. त्यात बापाचं जाणं आहे, परदेशातलं एकटेपण आहे, आणि 1959 सालचा आवाज आहे. गार्देलने 1934 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जे केलं तेच त्याने केलं: आपल्या काळातलं आपलं हरवणं गायलं. परंपरा त्याने पाळली. 1940 चाच आवाज सर्वांत शुद्ध मानणाऱ्यांनी ती मोडली. 2001 च्या आर्थिक कोसळणीच्या सुमारास तरुणांनी पुन्हा बांदोनेओन हातात घेतले. ओर्केस्ता तिपिका फेर्नान्देस फिएरोसारखे सहकारी ताफे उभे राहिले, जुन्या वादकांकडून शिकणारे शाळा-ताफे निघाले. ही मंडळी आजच्या शहराबद्दल गातात. आणि जगभरच्या मिलोंगांमध्ये, म्हणजे नाचाच्या संध्याकाळींमध्ये, त्यांची गाणी अजूनही अपवादानेच लागतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मिलोंगात रात्रीतून निदान एक संच 2000 नंतरच्या ताफ्यांचा वाजावा. नाचायला जड जाईल, जाऊ दे. आणि जुनं वाजवताना शब्द कळू द्यावेत. जिथे स्पॅनिश कुणाला येत नाही तिथे तर हे अधिकच गरजेचं. आम्ही पुण्यात गेली काही वर्षं सरावाआधी दहा मिनिटं एक गाणं मराठीत सांगतो. सुरुवातीला लोक उशिरा यायचे, ती दहा मिनिटं टळावीत म्हणून. आता येतात.

एकदा मी ‘सुर’ सांगत होतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना काकू म्हणतात. पोम्पेया आणि त्यापलीकडे पूर, या ओळीवर त्यांनी थांबवलं.

“कुठल्या सालचा पूर?”

मी म्हटलं, साल दिलेलं नाही काकू, ती जमीनच सखल होती, तिथे वरचेवर पाणी शिरायचं.

“आमचं साल सांगता येतं,” त्या म्हणाल्या. “12 जुलै 1961. पानशेत.” मग त्यांनी शनिवार पेठेतल्या त्यांच्या वाड्याचा नंबर सांगितला, दारातून आत आलं की डाव्या हाताला काय होतं, उजव्या हाताला काय होतं ते सांगितलं, आणि तिसऱ्या पायरीवर बसून त्या पाढे म्हणायच्या ते. पाणी ओसरल्यावर ती पायरी सापडली होती, वाडा नाही. तिथे आता सहा मजली इमारत आहे.

कुणी काही बोललं नाही. मी त्रोइलोचं ध्वनिमुद्रण लावलं, आणि काकू नाचायला उठल्या.